ब्रिटनमध्ये रोजच्या प्रवासासाठी जुनी इस्टेट गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं साधारण ४ ते ७ हजार पौंडांच्या, पाच ते बारा वर्षं जुन्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. या किमतीत कंपनीच्या बोधचिन्हापेक्षा त्या एका गाडीची निगा कशी राखली गेली, याला जास्त किंमत आहे. म्हणून मॉडेलच्या यादीपेक्षा प्रश्न ६ आणि ७ आधी वाचा.

१. इस्टेट म्हणजे नेमकी कोणती गाडी? भारतात असं काही होतं का?

हॅचबॅक किंवा सेडानचं छप्पर सरळ मागपर्यंत ओढलं आणि मागे उभं दार लावलं की इस्टेट झाली. भारतात टाटा इस्टेट, मारुती बलेनो अल्टुरा, इंडिगो मरिना आणि ऑक्टाव्हिया कॉम्बी याच प्रकारातल्या होत्या, पण तिथे हा प्रकार रुजला नाही. ब्रिटनमध्ये तो घरोघरी आहे. जाहिरातीत प्रत्येक कंपनी वेगळं नाव वापरते: फोर्ड आणि स्कोडा ‘इस्टेट’, टोयोटा ‘टूरिंग स्पोर्ट्स’, व्हॉक्सहॉल ‘स्पोर्ट्स टूरर’, सिआट ‘एसटी’, प्यूजो आणि किया ‘एसडब्ल्यू’, होंडा नुसतं ‘टूरर’. शोधताना नावाऐवजी ‘बॉडी टाइप: इस्टेट’ हा फिल्टर लावा.

२. त्याच पैशात एसयूव्ही मिळते, मग इस्टेट कशाला?

कारण त्याच पैशात इस्टेट बहुधा कमी वयाची किंवा कमी चाललेली मिळते. शिवाय ती बुटकी असल्यामुळे मोटरवेवर वारा कमी कापते, इंधन कमी लागतं आणि वळणावर डुलत नाही. डिकीचा काठ खाली असतो, त्यामुळे हीथ्रोवर २३ किलोच्या चार बॅगा उचलून ठेवताना कंबर धरत नाही. तिसऱ्या पिढीच्या ऑक्टाव्हिया इस्टेटची डिकी सीट न पाडता ६१० लिटरची आहे. बऱ्याच मध्यम एसयूव्ही तिथपर्यंत पोचत नाहीत.

एक बाब मात्र एसयूव्हीच्या बाजूने आहे. इस्टेटची सीट खाली असते. भारतातून आई-बाबा येऊन राहणार असतील आणि गुडघे दुखत असतील, तर त्यांना उतरताना त्रास होतो. शक्य असेल तर त्यांना एकदा बसवून बघा, मगच ठरवा.

३. पेट्रोल, डिझेल की हायब्रिड?

हे रोजच्या अंतरावर ठरतं, आवडीवर नाही.

एका बाजूचा प्रवास दहा मैलांपेक्षा कमी आणि तोही गावातला असेल, तर डिझेल घेऊ नका. डिझेलच्या धुरातली काजळी डीपीएफ नावाच्या फिल्टरमध्ये साठते. ती जाळून टाकायला इंजिन पूर्ण तापून पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात चालावं लागतं. रोज पाच मैल चाललेल्या गाडीत हे होत नाही. फिल्टर तुंबतो, न जळालेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, आणि शेवटी बिल शेकड्यांत नाही तर हजारात येतं.

रोज पंचवीस-तीस मैल एका बाजूला, बहुतेक मोटरवेवर, असा प्रवास असेल तर डिझेल अजूनही चांगलं. मात्र शहरात जाणार असाल तर प्रश्न १३ आधी वाचा.

थांबत-सरकत चालणाऱ्या रहदारीसाठी टोयोटाची १.८ हायब्रिड उत्तम. तिच्यात क्लच नाही, टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग एकमेकांच्या तालात फिरवणारा पट्टा) नाही, वेगळा स्टार्टर किंवा अल्टरनेटरही नाही, म्हणजे बिघडणाऱ्या वस्तूच कमी. मधल्या अंतराला साधं पेट्रोल पुरतं.

४. ‘मायलेज १ लाख’ आणि ‘५० एमपीजी’ यांचा अर्थ काय? महिन्याचा खर्च कसा काढू?

इथे नव्याने आलेल्यांची हमखास गल्लत होते. आपण मायलेज म्हणजे ‘लिटरला किती देते’ असं समजतो. ब्रिटनमध्ये मायलेज म्हणजे गाडी आजवर एकूण किती मैल चालली तो आकडा. इंधनाचा हिशेब एमपीजीत, म्हणजे गॅलनमागे मैलांत होतो, आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा असतो. एमपीजीला ०.३५४ ने गुणा, लिटरमागे किलोमीटर मिळतात. ५० एमपीजी म्हणजे सुमारे १७.७.

रोज जाऊन-येऊन ४० मैल, वर्षाला २२० दिवस, म्हणजे ८,८०० मैल. इंधन लिटरला १.४० पौंड धरलं तर ५० एमपीजीच्या गाडीला ८०० लिटर, १,१२० पौंड. ४० एमपीजीच्या गाडीला १,००० लिटर, १,४०० पौंड. फरक वर्षाला २८० पौंड. म्हणून जास्त एमपीजीसाठी गाडीच्या किमतीत दीड हजार पौंड जास्त मोजत असाल, तर ते वसूल व्हायला पाच वर्षांहून जास्त लागतील. जाहिरातीतला एमपीजी प्रयोगशाळेतला असतो, त्यातून निदान दहा-पंधरा टक्के वजा करूनच हिशेब करा.

५. आरामदायी आणि निर्धोक अशी मॉडेल कोणती?

आराम सगळ्यात आधी चाकांवरून ओळखा. १६ इंची रिम आणि जाड टायर, उदाहरणार्थ २०५/५५ आर १६, खड्डे गिळतो. तीच गाडी १८ इंची पातळ टायरवर ठोकत चालते, आणि तो टायर महागही पडतो. एफआर, एसटी-लाइन, एस-लाइन असे ‘स्पोर्ट’ प्रकार बहुधा कडक सस्पेन्शनचे असतात. रोज दोन तास बसायचं असेल तर मधला साधा प्रकार घ्या. त्यात क्रूझ कंट्रोल आणि कमरेला आधार देणारी सीट आहे का बघा.

ऑक्टाव्हिया: जागा भरपूर, सुटे भाग सगळीकडे मिळतात. टॅक्सीतून आलेल्या गाड्याही बऱ्याच असतात, प्रश्न ९ पाहा.

फोर्ड फोकस आणि मॉन्डेओ: चालवायला सुखद. अनेकींमध्ये समोरच्या काचेतच तापणाऱ्या बारीक तारा असतात. जानेवारीच्या सकाळी बर्फ खरवडत बसावं लागत नाही, ही सोय रोज जाणवते. इंजिनाबद्दल प्रश्न ८ पाहा.

टोयोटा ऑरिस टूरिंग स्पोर्ट्स हायब्रिड, २०१३ ते २०१८: डिकी ५३० लिटर, वेगात थोडा आवाज करते, पण गावात तिच्याइतकी शांत गाडी या किमतीत नाही.

सिव्हिक टूरर, २०१४ ते २०१७: या यादीतली आमची आवडती, आणि बहुतेकांच्या लक्षातच न येणारी. ६२४ लिटर डिकी, मागच्या सीटची बैठक वर उचलून उभी वस्तू ठेवता येते, आणि १.६ डिझेल इंजिनाला बेल्टऐवजी चेन आहे.

व्होल्व्हो व्ही७०: सीट या यादीत सर्वांत चांगल्या. काही गाड्यांना मागे स्वतः उंची सांभाळणारे निव्होमॅट शॉकअप असतात, ते साध्यांपेक्षा कितीतरी महाग. मर्सिडीज ई-क्लास इस्टेटला मागे एअर सस्पेन्शन असतं. रात्रभर उभी राहिल्यावर गाडी मागून बसलेली दिसली, तर तिथूनच परत फिरा.

६. घरबसल्या गाडीची पारख कशी करू?

नोंदणी क्रमांक घ्या आणि सरकारच्या संकेतस्थळावर एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास उघडा. हे मोफत आहे. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी होते, आणि प्रत्येक वेळचे मैल, नापास होण्याची कारणं आणि ‘अॅडव्हायजरी’, म्हणजे पुढे लक्ष ठेवायच्या बाबी, तिथे नोंदलेल्या असतात. वाचताना चार गोष्टी शोधा.

मैल दरवर्षी सारखे वाढतात का? मध्येच आकडा कमी झाला असेल तर मीटर फिरवलेला किंवा बदललेला असू शकतो. वर्षाला १२ हजार चालणारी गाडी अचानक दोन हजारांवर आली, तर ती छोट्या फेऱ्यांत वापरली गेली. डिझेलसाठी हे वाईट लक्षण.

तीच अॅडव्हायजरी दोन-तीन वर्षं जशीच्या तशी येते का? ‘मागच्या ब्रेक पाइपला गंज’, ‘टायर मर्यादेजवळ’ हे सलग दिसलं, तर मालक नापास झाल्याशिवाय खर्च करत नव्हता. तो इंजिन ऑइलही वेळेवर बदलत नसणार.

गंज कुठे आहे? ‘पृष्ठभागावर’ चालेल. सस्पेन्शन जिथे बसतं तिथे किंवा सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पट्टीत, गंज असेल तर सोडा. रस्त्यावरच्या मिठामुळे हा रोग भारतातून आलेल्यांच्या सवयीचा नसतो, आणि वरून चकचकीत गाडीत तो दिसत नाही.

शेवटचं, एमओटी पास म्हणजे गाडी चांगली असं नाही. त्या तपासणीत क्लच, गिअरबॉक्स, टायमिंग बेल्ट किंवा एसी बघितला जात नाही.

यानंतर १०-२० पौंड देऊन खासगी इतिहास-तपासणी करा, जिला सगळे ‘एचपीआय’ म्हणतात. गाडीवर हप्ते बाकी आहेत का, ती चोरीची आहे का, विमा कंपनीने कधी निकालात काढली होती का, हे तिथे कळतं.

७. प्रत्यक्ष बघायला गेल्यावर काय तपासू?

दिवसा, कोरड्या हवेत, विक्रेत्याच्या घरी जा. आधी सांगून ठेवा की इंजिन थंड हवं. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर सुरू होतानाचा त्रास लपवला जात असू शकतो.

इस्टेटचं खास दुखणं मागच्या बाजूला असतं. डिकीतला गालिचा उचला आणि स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. पाणी किंवा ओल असेल तर मागचे दिवे, छपराच्या पट्ट्या किंवा मागच्या वायपरची पाण्याची नळी गळते. मागचं दार पूर्ण उघडून सोडा, खाली आलं तर गॅसचे दांडे संपलेत. हे स्वस्तातलं काम आहे. दार आणि छपराच्या मध्ये रबरी नळीतून वायरी जातात. हजारो वेळा दुमडून त्या आत तुटतात, म्हणून मागचा वायपर, काचेचा हीटर, नंबरप्लेटचा दिवा आणि दाराचं लॉक प्रत्येक वेगळं चालवून बघा. सामान झाकायचा गुंडाळणारा पडदा जागेवर आहे का? हरवलेला असेल तर नवा चकित करणाऱ्या किमतीचा असतो.

टायर चारही एका चांगल्या कंपनीचे असतील तर मालक काळजीवाला. कायद्याने खाचा १.६ मिलिमीटर हव्यात. २० पेन्सचं नाणं खाचेत उभं घाला, कडेची पट्टी दिसली तर टायर बदलायला आला. एकाच बाजूने झिजला असेल तर अलाइनमेंट किंवा सस्पेन्शन बघावं लागेल. चाकाच्या कुलूपवाल्या नटाची चावी मागून घ्या. ती नसेल तर पंक्चरच्या दिवशी अडकाल.

चालवताना किमान वीस मिनिटं आणि त्यात दहा मिनिटं वेगवान रस्ता हवा. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये कमी वेगावरून जोरात अॅक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. न्यूट्रलमध्ये खडखड आणि क्लच दाबला की आवाज बदलणं, हे ड्युअल मास फ्लायव्हीलचं, म्हणजे इंजिनाचे धक्के शोषणाऱ्या जड चाकाच्या बिघाडाचं, लक्षण असू शकतं. क्लचसोबत तोही बदलावा लागला तर हजार पौंडांच्या घरात जाता. रेडिओ बंद ठेवा. विक्रेत्याशी गप्पा नंतर.

८. कोणत्या इंजिन-गिअरबॉक्सपासून सावध राहू?

तेलात भिजणारा टायमिंग बेल्ट, म्हणजे ‘वेट बेल्ट’. फोर्डच्या १.० इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ प्युअरटेक पेट्रोल इंजिनांत तो सापडतो. चुकीचं किंवा जुनं ऑइल असलं की बेल्टचं रबर सुटतं, त्याचे कण ऑइल पंपाची जाळी बुजवतात आणि इंजिन तेलाविना घासतं. अशी गाडी घ्यायची तर दरवर्षी योग्य प्रतीचं ऑइल बदलल्याच्या पावत्या हव्यात. नुसता शिक्का पुरेसा नाही.

फोक्सवॅगन गटातला सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, जो लहान इंजिनांबरोबर येतो. रहदारीत सरकताना तो झटके देत असेल तर सोडा. सहा गिअरचा तेलातला डीएसजी जास्त दणकट, पण त्याचं ऑइल दर ४० हजार मैलांना बदललेलं असायला हवं. पावती मागा.

फोर्डच्या जुन्या १.६ डिझेलमध्ये ऑइल वेळेत न बदलल्यास गाळ साठून टर्बो जातो. आणि डीपीएफ काढून टाकलेली कोणतीही डिझेल गाडी घेऊ नका, ती एमओटीत नापास होते.

९. आधी टॅक्सी असलेली गाडी कशी ओळखू?

खासगी गाडीची पहिली एमओटी तीन वर्षांनी होते, टॅक्सीची एका वर्षाने. म्हणून इतिहासात पहिल्या वर्षाच्या शेवटीच एमओटी दिसली, किंवा वर्षाला तीस-चाळीस हजार मैल दिसले, की प्रश्न विचारा. मागच्या सीटची आणि मागच्या दारांच्या हँडलची झीज पुढच्याइतकीच असणं, दारांवर स्टिकरचे फिकट चौकोन आणि डॅशबोर्डवर स्क्रूची भोकं या इतर खुणा. सर्व्हिसिंगचे कागद पूर्ण असलेली टॅक्सी अगदी टाकाऊ नसते, पण किंमत त्या मानाने कमीच असायला हवी.

१०. १ लाख मैल म्हणजे गाडी संपली का?

नाही. मोटरवेवर चाललेले १ लाख १० हजार मैल आणि जाडजूड पावत्यांची फाइल हे शाळेच्या फेऱ्यांच्या ५० हजारांपेक्षा चांगलं. मात्र टायमिंग बेल्ट बदलल्याचा पुरावा नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून किमतीतून तेवढे पैसे वजा करा. टोयोटा हायब्रिडच्या बॅटरीचीही भीती बाळगू नका. बॅटरीला हवा देणारी जाळी मागच्या सीटपाशी असते, ती धूळ-केसांनी बुजली नसेल ते बघा. टोयोटा डीलरकडे सर्व्हिसिंग केलं की गाडी १० वर्षं किंवा १ लाख मैलांची होईपर्यंत दरवेळी एक वर्षाची वॉरंटी मिळते.

११. ‘कॅट एस’ किंवा ‘कॅट एन’ लिहिलेली स्वस्त गाडी घ्यावी का?

ऑक्टोबर २०१७ पासून विमा कंपनीने निकालात काढलेल्या गाड्यांना हे वर्ग आहेत. एस म्हणजे सांगाड्याला इजा, एन म्हणजे सांगाडा सोडून इतर इजा. त्यापूर्वी सी आणि डी होते. पहिलीच गाडी असेल तर एस नको. एन चालेल, पण दुरुस्तीचे फोटो आणि बिलं हवीत. आणि विकताना तुम्हालाही तेवढाच कमी भाव येईल.

१२. डीलरकडून घ्यावी की खासगी मालकाकडून?

खासगीत स्वस्त मिळते, डीलरकडे कायदा तुमच्या बाजूने असतो. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार डीलरने दिलेल्या गाडीत दोष निघाला तर ३० दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. सहा महिन्यांपर्यंत दोष विक्रीच्या वेळचाच मानला जातो. आधी दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. ‘सोल्ड अॅज सीन’ असं पावतीवर लिहून डीलर यातून सुटत नाही. काही रक्कम क्रेडिट कार्डाने दिलीत तर १०० ते ३०,००० पौंडांच्या खरेदीसाठी कार्ड कंपनीही जबाबदार ठरते.

खासगी विक्रेत्यावर एवढीच जबाबदारी की गाडी त्याची असावी आणि वर्णन खरं असावं. म्हणून जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.

१३. लंडनमध्ये किंवा इतर शहरांत जाता येईल ना?

लंडनच्या युलेझमध्ये, म्हणजे कमी प्रदूषणाच्या क्षेत्रात, नियमात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला १२.५० पौंड लागतात आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून ते क्षेत्र संपूर्ण ग्रेटर लंडनभर आहे. पेट्रोलला प्रदूषणाचा युरो ४ दर्जा लागतो, म्हणजे ढोबळमानाने २००६ नंतरची गाडी, आणि डिझेलला युरो ६, म्हणजे ढोबळमानाने सप्टेंबर २०१५ नंतरची. सीमेवरच्या वर्षांत फसगत होते, म्हणून नोंदणी क्रमांक टाकूनच तपासा. बर्मिंगहॅम आणि ब्रिस्टलमध्येही नियमात न बसणाऱ्या खासगी गाड्यांना शुल्क आहे. ग्लासगो, एडिनबरा, डंडी आणि अॅबरडीनमध्ये अशा गाडीला शुल्क भरून जाता येत नाही, थेट दंड होतो.

१४. सारख्याच दोन गाड्यांचा रोड टॅक्स एवढा वेगळा का?

१ एप्रिल २०१७ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांचा टॅक्स कार्बन डायऑक्साइडवर ठरतो, नंतरच्यांना सरसकट दर. २०२५-२६ मध्ये किलोमीटरला ११० ग्रॅमपर्यंतच्या जुन्या गाडीला २० पौंड, तर एप्रिल २०१७ नंतरच्या तशाच गाडीला १९५. नंबरप्लेटवरचे ६६ हे आकडे सप्टेंबर २०१६ ते फेब्रुवारी २०१७ दाखवतात, १७ हे मार्च ते ऑगस्ट २०१७. म्हणजे १७ आकड्याची पण मार्चमध्येच नोंदलेली गाडी जुन्या दरात बसते. नेमकी तारीख नोंदणीपत्रावर बघा.

१५. भारतीय लायसन्सवर गाडी घेता आणि चालवता येते का?

घेता कधीही येते. चालवता येते ती ब्रिटनचे रहिवासी झाल्यापासून १२ महिने. भारतात जाऊन आलं की हे वर्ष नव्याने सुरू होत नाही. भारतीय लायसन्स बदलून मिळत नाही. प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, काढून लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा द्यावीच लागते. परीक्षा ऑटोमॅटिकवर दिलीत तर फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते, तेव्हा गाडी आणि परीक्षा यांचा विचार एकत्र करा.

विम्याचा दर गाडी ठरवण्याआधी काढा. नव्या लायसन्सवर विमा गाडीच्या किमतीच्या बराच जवळ जाऊ शकतो. अर्जात वापर ‘सोशल’ एवढाच न लिहिता ‘कम्यूटिंग’ धरा. स्टेशनवर गाडी लावून पुढे ट्रेनने जाणं हेही कम्यूटिंगच. वेगवेगळ्या साइटवर कामाला जात असाल तर ‘बिझनेस’ लागतं. भारतातला नो क्लेम बोनस धरतात का, हे कंपनीला लेखी विचारा.

१६. पैसे देणं आणि गाडी घरी आणणं, क्रम कसा असावा?

आधी व्ही५सी हे नोंदणीपत्र हातात घ्या. पत्ता तुम्ही उभे आहात तोच हवा, आणि त्यावरचा व्हीआयएन, म्हणजे चासी क्रमांक, समोरच्या काचेखालच्या क्रमांकाशी जुळायला हवा. दस्तऐवज क्रमांक बीजी ८२२९५०१ ते बीजी ९९९९०३० किंवा बीआय २३०५५०१ ते बीआय २८००००० यात असेल, तर ते चोरीला गेलेल्या कोऱ्या नमुन्यांपैकी आहे. खरेदी करू नका. व्ही५सीवर गाडी वापरणाऱ्याचं नाव असतं, तो मालकीचा पुरावा नव्हे. म्हणून सही केलेली पावती वेगळी घ्या.

मग फोनवरून विमा सुरू करा. मग बँकेतून एक पौंड पाठवा, पोचला की उरलेले. त्यानंतर व्ही५सीच्या हिरव्या चिठ्ठीवरच्या बारा अंकी क्रमांकाने रोड टॅक्स भरा. आधीच्या मालकाचा टॅक्स गाडीसोबत येत नाही. विक्रेत्याने डीव्हीएलए या गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला ऑनलाइन कळवलं की मगच किल्ली फिरवा. न पाहिलेल्या गाडीसाठी अनामत कुणालाही पाठवू नका, कितीही घाई दाखवली तरी.

१७. घेतल्यानंतर कळलं की गाडीवर आधीच्या मालकाचे हप्ते बाकी आहेत. आता?

खासगी व्यक्ती म्हणून, प्रामाणिकपणे आणि कर्जाची कल्पना नसताना घेतली असेल, आणि कर्ज हायर पर्चेस प्रकारचं (हप्ते फिटेपर्यंत गाडी वित्त कंपनीची) असेल, तर १९६४ च्या हायर पर्चेस कायद्याने मालकी सहसा तुमच्याकडे राहते. पीसीपी, म्हणजे शेवटी एक मोठा हप्ता असलेला, करारही बहुधा याच प्रकारात मोडतो. वित्त कंपनीचा माणूस दाराशी आला तर गाडी लगेच देऊन टाकू नका. पावती, जाहिरात, विक्रेत्याशी झालेले संदेश आणि खरेदीच्या दिवशी केलेली इतिहास-तपासणी दाखवा आणि सिटिझन्स अॅडव्हाइसचा मोफत सल्ला घ्या. हे संरक्षण ‘लॉगबुक लोन’ला, म्हणजे मालकाने गाडी तारण ठेवून घेतलेल्या कर्जाला, लागू होत नाही. इतिहास-तपासणीत तो शब्द दिसला तर कर्ज फिटल्याचं पत्र बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.